रेंज नसलेल्या उपकेंद्रासाठी मूडल कसं आहे?

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. रस्ता बंद, लाइन बंद, आणि टॉवरची बॅटरी उतरली की रेंजही बंद. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे, पूर नसतानाही रेंज टेकडीच्या अलीकडे असते नि पलीकडे नसते. अशा आरोग्य उपकेंद्रांवरच्या एएनएम सिस्टर (गावपातळीवरच्या परिचारिका), सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, पोस्टिंगवर असलेले इंटर्न यांनाच शिकत राहण्याची सगळ्यात जास्त गरज असते, कारण रात्री दोन वाजता झटके आलेली गरोदर बाई समोर आली तर विचारायला शेजारी कोणी नसतं. म्हणून वैद्यकीय शिक्षणाचं कुठलंही ऑनलाइन साधन विदर्भातल्या खेड्यासाठी पारखताना पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो: रेंज गेल्यावर ते काय करतं?

मूडल म्हणजे धडे, व्हिडिओ, चाचण्या आणि गुणांची नोंद एकत्र ठेवणारं ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर. ते या कसोटीला उतरतं, पण आपोआप नाही. शिक्षकाने दहा ठिकाणी हात घालून ते तसं लावावं लागतं. बहुतेक कॉलेजांत मूडल बसवलेलं असतं पण ही जुळणी झालेली नसते, आणि मग "मूडल चालत नाही" असा शिक्का बसतो.

ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डूगियामास यांनी मूडलची पहिली आवृत्ती २००२ च्या ऑगस्टमध्ये आणली. सॉफ्टवेअर मुक्त आहे, परवाना शुल्क नाही. खर्च येतो तो सर्व्हरच्या भाड्याचा आणि ते सांभाळणाऱ्या माणसाचा. विद्यार्थ्याच्या फोनवर मूडलचं स्वतंत्र मोबाइल ॲप लागतं. हे परीक्षण मुख्यतः त्या ॲपबद्दल आहे, कारण उपकेंद्रावर लॅपटॉप नसतो, फोन असतो.

आधी झूम आणि गूगल मीटचा विषय मिटवू. फुकटच्या झूमवर ४० मिनिटांत मीटिंग तुटते, मीटवर तीन किंवा जास्त जण असले तर ६० मिनिटांत. पण खरी अडचण ती नाही. सेकंदाला ६०० किलोबिट (केबीपीएस) धरले तरी तासाभराच्या थेट वर्गाला २७० एमबी डेटा जातो, आणि तो सलग एक तास मिळावा लागतो. मधली पाच मिनिटं तुटली आणि नेमकी त्याच पाच मिनिटांत डोस सांगितला गेला, तर तो तास फुकट गेला. गूगल क्लासरूम शिकायला मूडलपेक्षा खूप सोपं आहे, पण त्यातली चाचणी गूगल फॉर्मवर चालते आणि फॉर्म भरून पाठवायला नेट लागतं. व्हॉट्सॲप सगळ्यांकडे आहे, निरोपाला त्यासारखं काही नाही. मात्र कोणी काय वाचलं, कोणाचं काय चुकलं, याची नोंद त्यात राहत नाही, आणि महिन्याभरापूर्वीची पीडीएफ शोधायची तर दोनशे शुभसकाळ ओलांडाव्या लागतात.

मूडल ॲपमध्ये सिस्टर तालुक्याच्या मासिक बैठकीला आली असताना, तिथल्या वायफायवर, पूर्ण धडा उतरवून घेऊ शकते. पुढचे पंधरा दिवस ती रेंजशिवाय व्हिडिओ बघते, वाचते, चाचणीही सोडवते. पुन्हा रेंजमध्ये आली की उत्तरं सर्व्हरवर जातात.

हे घडण्यासाठी काय लावायचं ते नीट सांगतो. साइटच्या प्रशासन विभागात मोबाइल ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन मोबाइल वेब सर्व्हिसेस चालू कराव्यात. साइटला एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी हवी आणि तिच्या सुरक्षा प्रमाणपत्राची साखळी पूर्ण हवी. ती अर्धवट असेल तर संगणकावर साइट उघडते नि अँड्रॉइड ॲप मात्र जोडणी नाकारतं, आणि दोष विद्यार्थ्याच्या फोनला दिला जातो. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं पण ते जास्तीत जास्त ९० दिवसांचं असतं, त्यामुळे ते आपोआप नवं होण्याची सोय पहिल्याच दिवशी करून ठेवावी.

नंतर चाचणी. क्विझच्या सेटिंगमध्ये 'एक्स्ट्रा रिस्ट्रिक्शन्स ऑन अटेम्प्ट्स' हा भाग उघडला की मोबाइल ॲपवरून ऑफलाइन सोडवू देण्याचा पर्याय मिळतो. तो चालू होत नसेल तर बहुधा तीनपैकी एक कारण असतं. चाचणीला वेळेची मर्यादा घातली आहे, किंवा ठरावीक नेटवर्कचा पत्ता घातला आहे, किंवा प्रश्नांची वागणूक 'डिफर्ड फीडबॅक' (बरोबर-चूक शेवटीच सांगणारी) सोडून दुसरी ठेवली आहे. पहिल्या दोन गोष्टी काढा, तिसरी बदला, पर्याय उघडतो. कारणही सरळ आहे: रेंज नसताना घड्याळ तपासायला किंवा प्रत्येक उत्तराला लगेच बरोबर-चूक सांगायला सर्व्हर जवळ नसतो.

आता जिथे गाडं अडतं ते. चाचणीची शेवटची तारीख काटेकोर ठेवली आणि सिस्टर त्यानंतर रेंजमध्ये आली, तर सर्व्हरने तिचा प्रयत्न आधीच बंद केलेला असतो. ॲप मग सांगतं की प्रयत्न संपलेला असल्याने ऑफलाइन माहिती टाकून दिली. तिने पेट्रोमॅक्सच्या उजेडात सोडवलेले वीस प्रश्न गेले! शेवटची तारीख पुढच्या मासिक बैठकीनंतर किमान चार दिवस ठेवावी, पावसाळ्यात तर दोन आठवडे. दुसरं, चाचणी वाटल्यावर प्रश्नात दुरुस्ती करू नये. तसं केलं तर त्या प्रश्नाची फोनमधली उत्तरं टाकून दिली जातात. चूक सापडलीच तर ती सगळ्यांची उत्तरं आल्यावर सुधारावी आणि गुण पुन्हा मोजून घ्यावेत. तिसरं, एकच प्रयत्न अर्धा फोनवर नि अर्धा पीएचसीच्या संगणकावर सोडवू नये. संगणकावर उघडताना मूडल एक खूण करायला लावतं, की माझ्या फोनमध्ये न पाठवलेलं काही नाही. ती न वाचता टिक करायची सवय सगळ्यांनाच असते. वर्गात पहिल्या दिवशी ती ओळ मराठीत मोठ्याने वाचून दाखवावी. चौथं, ॲपच्या सिंक्रोनायझेशन सेटिंगमध्ये फक्त वायफायवर पाठवण्याचा पर्याय असतो. तो चालू राहिला तर मोबाइल डेटावर आलेल्या रेंजमध्ये उत्तरं आपोआप जात नाहीत. गावात वायफाय कुठलं? तो बंद करून घ्यावा.

यातून एक गोष्ट उघड आहे. ऑफलाइन चाचणीवर पास-नापास ठरवू नये. वेळेचं बंधन नाही, शेजारी पुस्तक उघडं असू शकतं. ही चाचणी शिकवण्यासाठी आहे. परीक्षा घ्यायची ती समोर बसवून घ्यावी.

पण शिकवण्यासाठी मूडलमध्ये एक चीज अशी आहे की तिच्यासाठी बाकीचा सगळा त्रास सोसावा. डिफर्ड फीडबॅकचाच एक प्रकार सीबीएम, म्हणजे खात्रीनुसार गुण, या नावाने यादीत दिसतो. त्यात प्रत्येक उत्तराबरोबर आपली खात्री किती हेही सांगावं लागतं: खात्री नाही, बऱ्यापैकी, की पक्की. उत्तर बरोबर आलं तर अनुक्रमे १, २, ३ गुण. चुकलं तर ०, उणे २, उणे ६. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात टोनी गार्डनर-मेडविन यांनी ही पद्धत वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी रुजवली. आकडे असेच उचललेले नाहीत. बरोबर असण्याची शक्यता दोनतृतीयांशाखाली असेल तर 'खात्री नाही' म्हणण्यात फायदा, ८० टक्क्यांवर असेल तरच 'पक्की' म्हणण्यात फायदा, असं ते गणित बसवलेलं आहे. फुशारकी मारणारा बुडतो, आणि माहीत असून कचरणाराही मागे राहतो. आणि हा प्रकार ऑफलाइन चालतो.

विदर्भात याचा उपयोग कसा होतो ते सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरून दिसेल. प्रश्न असा: रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी (सिकलसेलची प्राथमिक तपासणी) पॉझिटिव्ह आली म्हणजे त्या मुलीला सिकलसेलचा आजार आहे, बरोबर की चूक? उत्तर आहे 'चूक'. ही चाचणी वाहक असलेल्या एएसमध्येही पॉझिटिव्ह येते आणि आजारी एसएसमध्येही. दोघांतला फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासण्या केल्यावरच कळतो. साध्या चाचणीत चुकलेल्यांची फक्त संख्या दिसते. सीबीएममध्ये दिसतं की चुकलेल्यांपैकी किती जण 'पक्की खात्री' म्हणून चुकले. ज्याला माहीत नाही तो विचारेल. ज्याला चुकीचं पक्कं माहीत आहे तो एका वाहक मुलीच्या घरी जाऊन 'तुम्हाला आजार आहे' सांगून येईल, आणि मग तिच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत ते वाक्य तिची पाठ सोडणार नाही. पुढच्या बैठकीत कोणाजवळ बसून बोलायचं, हे शिक्षकाला या उणे सहाच्या यादीवरून कळतं. जोडीला दुसरा प्रश्न घाला: सहा महिन्यांखालच्या बाळात हीच चाचणी निगेटिव्ह आली तर निर्धास्त राहायचं का? नाही, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं आणि ते सिकल हिमोग्लोबिन झाकतं.

एक सावधगिरी. पहिल्या एक-दोन चाचण्यांत बरेच जण सगळीकडे 'पक्की' टाकतात आणि उणे गुण बघून घाबरतात. म्हणून पहिली सीबीएम चाचणी वैद्यकाबाहेरची ठेवावी. वर्ध्याहून नागपूर किती किलोमीटर, कापसाची लागवड कधी, असे दहा प्रश्न. गुणांची पद्धत अंगवळणी पडली की मग सिकलसेल.

डोसाच्या गणितासाठी मूडलचा न्यूमेरिकल, म्हणजे उत्तर आकड्यात मागणारा प्रश्नप्रकार चांगला आहे. एक्लॅम्पसियात (गरोदरपणातल्या झटक्यांत) मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस घ्या. आपल्याकडची अँप्यूल ५० टक्क्यांची, २ मिलीची, म्हणजे एका अँप्यूलमध्ये १ ग्रॅम. शिरेतून ४ ग्रॅम २० टक्के करून द्यायचे तर ४ अँप्यूल म्हणजे ८ मिली औषध, त्यात १२ मिली सलाइन, एकूण २० मिली, हळूहळू, किमान पाच मिनिटं. शिवाय दोन्ही कुल्ल्यांत खोल स्नायूत ५-५ ग्रॅम, म्हणजे १०-१० मिली, न पातळ केलेलं. एकूण १४ अँप्यूल. 'सलाइन किती मिली?' आणि 'ट्रेमध्ये एकूण किती अँप्यूल काढाल?' हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत, कारण पहिला बरोबर येणाऱ्यांचाही दुसरा चुकतो आणि मग ऐनवेळी कपाटाकडे धावावं लागतं. तांत्रिक मेख अशी की या प्रकारात उत्तर इंग्रजी अंकांतच लिहावं लागतं. फोनच्या मराठी कीबोर्डवरून देवनागरीत १२ लिहिलं की उत्तर बरोबर असूनही शून्य गुण. प्रश्नाच्या ओळीतच तशी सूचना द्यावी.

मराठीबद्दल आणखी. मूडलचा मराठी भाषापॅक आहे पण अपुरा, त्यामुळे बटणं अर्धी मराठीत अर्धी इंग्रजीत दिसतात. आपला मजकूर युनिकोड असेल तर काही अडचण नाही. मात्र प्रशिक्षण केंद्रांतल्या जुन्या नोट्स कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत टंकलेल्या असतात. त्या तशाच चिकटवल्या की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो. आधी युनिकोडमध्ये बदलाव्यात आणि मग जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासावेत, कारण बदलताना 'र्‍हस्व'सारखे शब्द हमखास मोडतात. प्रश्न एकेक करून भरण्यापेक्षा नोटपॅडमध्ये आयकेन (Aiken) नावाच्या साध्या पद्धतीने लिहून एकदम आयात करणं फार सोयीचं आहे. शंभर प्रश्न पाच मिनिटांत चढतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवायची, आणि पर्यायांपुढची ए, बी, सी, डी ही अक्षरं व 'आन्सर' हा शब्द इंग्रजी कॅपिटलमध्येच ठेवायचा. अ, ब, क, ड लिहिलं की आयात पहिल्याच प्रश्नावर थांबते.

व्हिडिओत सगळ्यात जास्त चुका होतात. यूट्यूबचा दुवा धड्यात चिकटवला की ॲप तो उतरवून देऊ शकत नाही. व्हिडिओ फाइल म्हणून मूडलवरच चढवावा लागतो, म्हणून तो आधी हलका करायचा. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. ४८० पी, एच २६४, चित्राला सरासरी ३०० केबीपीएस, आवाज मोनो ६४ केबीपीएस. दहा मिनिटांची फाइल साधारण २७ एमबीची होते आणि स्लाइडवरची अक्षरं मोठी असतील तर स्वच्छ वाचता येतात. आवाजाच्या बाबतीत काटकसर नको. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे कूलरशिवाय बसवत नाही, पण कूलर चालू ठेवून केलेलं रेकॉर्डिंग दबवल्यावर ऐकवत नाही. पहाटे सहाला, कूलर-पंखा बंद करून, कॉलरला लावायचा साधा माइक वापरून रेकॉर्ड करावं. सर्व्हरवर पीएचपीची (मूडल ज्यावर चालतं त्या प्रणालीची) अपलोड मर्यादा मूळची २ एमबी असते. ती वाढवताना 'अपलोड मॅक्स फाइलसाइझ' आणि 'पोस्ट मॅक्स साइझ' दोन्ही वाढवावे, एकच वाढवलं तर फाइल अर्ध्यात पडते.

व्हिडिओत काय दाखवायचं? हात दाखवावेत, चेहरा नाही. सापाच्या दंशात २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी हे उत्तम उदाहरण. कोरडी, स्वच्छ काचेची नळी. शिरेतून ताजं २ मिली रक्त. नळी उभी, २० मिनिटं हात न लावता. मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर ते गोठलेलं नाही. कॅमेरा नळीच्या तोंडाशी नेऊन तो तिरकं करण्याचा क्षण दाखवा, आधी गोठलेला, मग न गोठलेला. मूडलमध्ये एचफाइव्हपी नावाची सोय आहे, तिच्या इंटरॅक्टिव्ह व्हिडिओत त्याच क्षणी चित्र थांबवून प्रश्न विचारता येतो: ही नळी प्लास्टिकची असती तर? प्लास्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही. साबणाच्या पाण्याने धुतलेल्या नळीतही नाही. म्हणजे बिनविषारी दंशालाही प्रतिविष दिलं जाईल. हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि वाचणारा ती ओळ ओलांडून जातो. चित्र थांबलं की ओलांडता येत नाही. एचफाइव्हपीचे गुण मात्र नोंदीसाठी धरू नयेत, ते सरावापुरते ठेवावेत.

नोंदणीचं थोडक्यात. सीएसव्ही फाइलने (साध्या मजकुरातल्या तक्त्याने) सगळ्यांची खाती एकदम उघडता येतात. यूझरनेम म्हणून मोबाइल नंबर ठेवावा, तो विसरला जात नाही. ईमेलचा रकाना रिकामा चालत नाही, पण पासवर्ड ईमेलवर परत मिळवण्याच्या भरवशावर राहू नये. बहुतेकांना फोन घेताना दुकानदाराने उघडून दिलेला ईमेल असतो. पासवर्ड बदलून देण्याचा अधिकार तालुक्यातल्या एकाला द्यावा.

सर्व्हरवर क्रॉन, म्हणजे ठरलेली कामं आपोआप उरकणारी सोय, दर मिनिटाला चाललंच पाहिजे. ते बंद पडलं की धडा पूर्ण झाल्याच्या नोंदी अडतात, निरोप जात नाहीत, आणि साइट मात्र वरून ठणठणीत दिसते.

मूडलची खरी कमजोरी शिक्षकाच्या बाजूला आहे. सेटिंगचं जंगल आहे, मेनूत मेनू आहेत, आणि कामाच्या चार गोष्टी शोधायला पंधरा दिवस जातात. एका विभागातल्या एकाच उत्साही शिक्षकाच्या जिवावर ते उभं राहतं आणि त्याची बदली झाली की बसतं. किमान दोघांना तयार करावं. आणि हाताचं कौशल्य यातून येत नाही. पोटावरून बाळाची स्थिती चाचपणं, अंबू बॅगचा (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीचा) मास्क नवजाताच्या तोंडावर हवा न गळता बसवणं, हे पुतळ्यावर आणि मग रुग्णावर, कोणीतरी शेजारी उभं राहूनच शिकवावं लागतं. मूडल त्या दिवसाची तयारी करून घेतं, म्हणजे पुतळ्याजवळचा वेळ व्याख्यानात जात नाही. रुग्णाचे फोटो असाइनमेंटमध्ये मागवायचे असतील तर लेखी संमती, चेहरा वगळलेला, आणि फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद. हे न सांगितलं तर फोटोबरोबर गावाचा पत्ताही सर्व्हरवर जातो.

जिथे महिनोन्‌महिने रेंजच नाही अशा केंद्रासाठी मूडलबॉक्स आहे. रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकावर पूर्ण मूडल बसवलेलं असतं आणि तो स्वतःचं वायफाय सोडतो. खोलीतले सगळे त्याला जोडले की 'मूडलबॉक्स डॉट होम' या पत्त्यावर वर्ग उघडतो, इंटरनेट अजिबात न लागता. पॉवर बँकवरही चालतो. मुख्य मूडलवरून कोर्सचा बॅकअप एमबीझेड फाइल म्हणून काढायचा आणि पेन ड्राइव्हने इथे चढवायचा. गुण मात्र त्याच्या मेमरी कार्डातच राहतात, ते परत येताना उतरवून आणावे लागतात. आणि लाइन गेली म्हणून किंवा कोणी वायर ओढली म्हणून तो मधेच बंद पडला तर मेमरी कार्ड खराब होण्याची भीती असते. मेनूतून बंद करायचा, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबू द्यायचा, मगच पिन काढायची. जास्तीचं एक कार्ड, सगळं भरून, डब्यात ठेवलेलं असावं.